बघूया की!

तोंडावर "नाही" म्हणणारा घरमालक परवडतो. त्याच्याशी भांडता येतं, चार लोकांत त्याच्या नावानं शंख करता येतो, घर सोडायची धमकी देता येते. आमचे अण्णा आजवर कशालाच नाही म्हणालेले नाहीत. ते म्हणतात, "बघूया की!" आणि आत वळून काकींना ताट वाढायला सांगतात.

अण्णा राहतात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. त्यांची तीन मजली इमारत रंकाळ्याच्या बाजूला आहे आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर तिसऱ्या मजल्याचं बाथरूम येतं. तिथले काका भल्या पहाटे आंघोळ करतात, आणि त्यांचं स्तोत्र संपता संपता आमच्या छतातून पहिला थेंब पडतो. टेबल सरकवायला जागा नाही, कारण एका बाजूला फ्रिज आणि दुसऱ्या बाजूला अण्णांचंच एक जुनं लोखंडी कपाट आहे. ते "दोन दिवसांत नेतो" म्हणून आमच्याकडं ठेवलेलं आहे.

तक्रार घेऊन पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. इथंच घात झाला. कोल्हापुरात रविवारी दुपारी कुणाच्या दारात उभं राहिलं की माणूस कशासाठी आलाय हे विचारायची पद्धत नाही. पाय धुवायला पाणी मिळतं. "अण्णा, ते छत..." एवढं म्हणेपर्यंत पुढ्यात पांढऱ्या रश्श्याची वाटी आली होती. "आदी जेवा. छत कुठं पळून जातंय व्हय?" दुसऱ्या वाटीनंतर छत खरंच तितकं गळत नसावं असं वाटू लागलं. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध आणि खसखस पडली की माणसाची तक्रार करायची ताकदच जाते. निघताना काकींनी डबाही भरून दिला. घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" मी डबा पुढं केला.

पावसाळ्यात ओल भिंतीवर उतरली, पोपडे सुटले. मी फोन केला. अण्णांच्या पावसाळ्यात एकच विषय असतो, राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. "सर, आत्ता पंचगंगा छत्तीस फुटावर हाय. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. घाबरू नका." मी म्हटलं, अण्णा, मी घरातल्या पाण्याबद्दल बोलतोय. "२०१९ ला पंचावन्न फुटाच्या वर गेल्ती, तवाबी बिल्डिंग जाग्यावर हुती," ते म्हणाले. महापूर पाहिलेल्या माणसाला थेंबाचं काय सांगणार? राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. अण्णांच्या पाकिटाला अशी सोय कुणी केली नाही.

तरी एकदा ते आले. भिंतीकडं बराच वेळ बघितलं, बोटानं एक पोपडा पाडला आणि दुसऱ्या दिवशी राजर्षी शाहू महाराजांची मोठी फ्रेम केलेली तसबीर घेऊन आले. नेमकी ओलीवर टांगली. "आता कशी भिंत शोभली बगा!" राधानगरीचं धरण महाराजांनीच बांधायला घेतलं, हे खरं. म्हणून आमच्या भिंतीतलं पाणीही त्यांनीच अडवावं, ही अपेक्षा जरा जास्त होती. तसबिरीला ओल लागायला लागली तेव्हा मीच ती काढून कोरड्या भिंतीवर लावली. उतरवून ठेवायची हिंमत या गावात कुणाची आहे?

अण्णांचा एक ठरलेला प्लंबर आहे. त्याला फोन केला की "हा काय, निगालोच" असं उत्तर येतं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम चालू असला की तो निघतो खरा, पण स्टेडियमकडं. पेठेची टीम जिंकली तर मिरवणूक, हरली तर दुखवटा, आणि बरोबरी झाली तर पेनल्टी कुणी घालवली यावर चर्चा. हंगाम संपल्यावर आला, वरच्या फरशांच्या फटीत पांढरं सिमेंट भरून गेला. चार दिवस छत कोरडं राहिलं. नंतर कळलं, वरचे काका त्या चार दिवसांत गावी गेले होते.

मग मी कायद्याकडं वळलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्यानं काही केलं नाही तर भाडेकरूनं स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, फक्त वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या वर जाऊ नये. वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. वकील मित्राला दाखवलं. त्यानं आधी माझा अकरा महिन्यांचा करार मागितला, वाचला आणि चहा मागवला. "हे लिव्ह अँड लायसन्स आहे. हे कलम भाडेकरूसाठी. कायद्याच्या हिशेबानं तू भाडेकरू नाहीस." इतकी वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला मी जे देतोय ते काय आहे, हे विचारायचा धीर झाला नाही.

तरी एक पत्र लिहिलंच. पोस्टानं पाठवणं बरं दिसेना म्हणून हातानं नेऊन दिलं. अण्णांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "झकास लिवलंय! आमच्या मंडळाचा गणपतीचा अहवाल तुमीच लिवा ह्या वर्षी." मी कोर्टाचं नाव काढलं तर त्यांचा चेहरा उजळला. "करा की केस! आता सर्किट बेंचबी कोल्लापुरातच आलंय. मुंबईला जायाचा तरास न्हाई." २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाचं हे बेंच सुरू झालं त्याचा आनंद अख्ख्या जिल्ह्याला झाला. तो माझ्याविरुद्ध असा वापरला जाईल असं वाटलं नव्हतं. अहवाल मी लिहून दिला.

बायको गडहिंग्लजची. तिनं हे सगळं शांतपणे बघितलं आणि एक दिवस म्हणाली, "नेहमी तुम्हीच का जाता जेवायला? त्यांना बोलवा." रविवारची दुपार ठरली. वरच्या काकांना तिनं बरोबर दीड वाजता दोन बादल्या पाणी ओतायची विनंती केली. काकांनी कारण विचारलं नाही. त्यांचा गिझर दिवाळीपासून बंद होता.

अण्णांना टेबलाच्या नेमक्या त्या खुर्चीवर बसवलं. सुकं, भाकरी, आणि वाटीभर तांबडा, वर बोटभर तवंग. अण्णांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि वाटी खाली ठेवली.

टप्.

तवंग मधोमध फाटला. अण्णा वाटीकडं बघत राहिले. दुसरा थेंब पडला. भिंत फुगली, पोपडे पडले, कपाटाला गंज चढला, तेव्हा जो चेहरा हलला नव्हता तो लालबुंद झाला. "अवो सर! रश्श्यात पाणी?" त्यांचा आवाज कापत होता. "आन् तुमी हितं रोज जेवतासा?"

जागेवरूनच त्यांनी फोन लावला. प्लंबर, गवंडी आणि फरशीवाला संध्याकाळच्या आत वर हजर. बाथरूम उखडलं तेव्हा नहाणी ट्रॅपचा, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधाच सुटलेला निघाला. सगळं पाणी तिथून स्लॅबमध्ये मुरत होतं, फटींचा काही संबंधच नव्हता. नवा ट्रॅप बसला, खाली वॉटरप्रूफिंगचा कोबा झाला, मग ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन दिवस पाणी भरून ठेवलं. अण्णा स्वतः दोन्ही दिवस खाली आमच्या टेबलाशी बसून छताकडं बघत होते. अर्थात जेवायला इथंच.

आता छत कोरडं आहे. लोखंडी कपाट अजून आहे, पण त्याबद्दल मी बोलत नाही. परवा वरच्या काकू बायकोकडं येऊन तांबड्या रश्श्याचं प्रमाण लिहून घेऊन गेल्या. रविवारी त्यांनी अण्णांना जेवायला बोलावलंय, आणि हात धुवायला बाथरूममध्ये कडकडीत गार पाणी ठेवणार आहेत.