समुद्र राखायचा तर आधी जाळं बघा, नकाशा नंतर

सागरी अभयारण्याचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. मच्छीमारांना समुद्राची पर्वा नाही, असं एक बाजू म्हणते. हा सगळा आम्हाला किनाऱ्यावरून उठवायचा डाव आहे, असं दुसरी म्हणते. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या परिषदेत २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचं जगातल्या देशांनी मान्य केलं. त्यामुळे हा वाद आता वाढत जाणार. माझं मत आधीच सांगतो: समुद्रात संरक्षण हवंच आहे. पण आपण ते जंगलाच्या कायद्याने, नकाशावर रेघ मारून करतो, आणि ती रेघ पाण्यात टिकत नाही.

मालवणचं सागरी अभयारण्य घ्या. १३ एप्रिल १९८७ ची अधिसूचना. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा, म्हणजे कडक संरक्षणाचा भाग, ३.१८. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालची पाण्याखालची खडपं, म्हणजे खडक. ३.१८ चौरस किलोमीटर म्हणजे जेमतेम पावणेदोन किलोमीटर बाजूचा चौकोन. आता वाहत्या गिलनेटचं, म्हणजे पाण्याबरोबर सरकणाऱ्या उभ्या जाळ्याचं, गणित करा. जाळं हद्दीबाहेर टाकलं आणि पाण्याची ओढ सरासरी अर्धा नॉट धरली, तर सहा तासांच्या एका भरतीत ते तीन नॉटिकल मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर सरकतं. हा पट्टा ते सबंध ओलांडून जाईल. नियम मोडायची कुणाची इच्छा असो वा नसो. वाहत्या जाळ्यासाठी नियम लिहायचा तर तो 'कुठून टाकायचं, कोणत्या पाण्याला टाकायचं' असा लिहावा लागतो. तळाला नांगरून ठेवलेल्या जाळ्याला हद्द लागू पडते, वाहत्याला नाही. एका ओळीत 'मासेमारीस बंदी' लिहिणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

मग एवढ्याशा गाभ्याचा उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. पण कोणत्या मासळीसाठी, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. गोब्रा, तांबोशी हे मासे आणि शेवंड (लॉबस्टर) या खडपाला धरून राहणाऱ्या जाती. बहुतेक गोब्रे आधी मादी असतात आणि वय वाढल्यावर त्यातले काही नर होतात. मोठे मासे वेचून काढले की नरच संपतात. शिवाय मोठी मादी तिच्या वजनाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते. अशा मासळीला दोन किलोमीटरचं निवांत खडपसुद्धा पुरतं, आणि वाढलेली मासळी आजूबाजूच्या पाण्यात पसरली की फायदा तिथे गळ टाकणाऱ्यालाच होतो. बांगडा, तारली, सुरमई यांचं तसं नाही. ही मासळी फिरती. गाभ्यातून निघालेला बांगड्याचा थवा थोड्या वेळात पर्ससीन या वेढा घालणाऱ्या जाळ्याच्या टप्प्यात असतो.

म्हणूनच साधनाचा प्रश्न आधी येतो. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढतात. किनाऱ्याला आलेली मासळीच त्यात सापडते. (रापणीत पिल्लंही येतात, हे रापणकरांनीही मान्य करून आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप ठरवायला हवं.) पर्ससीन थव्याला वेढा घालतं, खालच्या कड्यांतून ओवलेला दोर आवळतं आणि तळ बंद करतं. आख्खा थवा एका फेरीत वर. बोटीमागून ओढत नेतात त्या ट्रॉल जाळ्याचा दोष वेगळा. जाळ्याच्या शेपटाकडे, जिथे मासळी साठते, तिथे साधा तिरका आस असेल तर ओढ बसताच तो मिटतो आणि पिल्लू निसटत नाही. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो. जाळ्याच्या एवढ्याशा तुकड्याने जे साधतं, ते नकाशावरच्या शंभर चौरस किलोमीटरने साधत नाही.

आणि असे नियम आपल्याकडे आहेत! १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी आहे. पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबरपुरतं मर्यादित करणारा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चा. एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. यातला प्रत्येक नियम पारंपरिक मच्छीमारांनीच आंदोलनं करून लावून धरलाय. त्यांना संरक्षणाचे शत्रू ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

आता कायदा. प्रादेशिक समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपणारे पुरेसे उपाय आधी करावेत, असं वन्यजीव कायद्याचं कलम २६-अ सांगतं. ही अट कायद्यात आली १९९१ साली. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षं आधीची. तिथला विरोध समजून घ्यायचा तर हा क्रम लक्षात ठेवावा लागतो. आणि त्याच किल्ल्याभोवती आज पर्यटकांच्या होड्या, स्नॉर्केलिंग, स्कूबा जोरात आहे. खडपावर रोज पडणारा नांगर आणि त्याची घासणारी साखळी प्रवाळ मोडते. होडी बांधायला कायमचे तरंगते बोये बसवले तर नांगर टाकायची गरजच उरत नाही. गळवाल्याला हटकायचं आणि नांगराकडे बघायचं नाही, हे संरक्षण नव्हे.

विश्वासाने काय होतं तेही पाहा. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात, जाळ्यात अडकलेला बहिरी मासा (व्हेल शार्क), कासव किंवा डॉल्फिन जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो-व्हिडिओ दिला, तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. जाळं पूर्ण गेलं तर तेवढ्यात भागत नाही, म्हणून रक्कम वाढवायला हवी. पण दिशा बरोबर आहे. इथे तोटा एकट्या मच्छीमाराच्या माथी मारलेला नाही.

तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात डुगाँगसाठी, म्हणजे समुद्री गायीसाठी, ४४८ चौरस किलोमीटरचं क्षेत्र जाहीर केलं, तेही अभयारण्य म्हणून नव्हे, संवर्धन राखीव म्हणून. त्यात लोकांचे हक्क शाबूत राहतात. मला हा मार्ग जास्त पटतो. पण खोट तिथेही आहे. संवर्धन राखीवच्या समितीत कायद्याने वनखातं, ग्रामपंचायती, स्वयंसेवी संस्था, कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचे प्रतिनिधी असतात. अभयारण्याच्या सल्लागार समितीत गृह आणि पशुवैद्यकीय खात्याला जागा आहे. मत्स्यव्यवसाय खात्याला दोन्हींत नाही. मच्छीमार सहकारी संस्थेलाही नाही. समुद्राच्या कारभारात गुरांच्या डॉक्टरला खुर्ची आहे आणि जाळं टाकणाऱ्याला नाही, याची दुरुस्ती आमदार-खासदारांकडे आत्ताच मागायला हवी, पुढची हद्द आखली जाण्याआधी.