कॉमा श्वासासाठी नसतो

सकाळी सकाळी एका सहकाऱ्याने इंग्रजीतली नोटीस तपासायला पाठवली. 'एम्प्लॉईज, हू जॉइन्ड आफ्टर मार्च, विल नॉट गेट द बोनस.' मी म्हटलं, ते दोन्ही कॉमा काढ, तू सगळ्यांचाच बोनस कापला आहेस. तर म्हणाला, "अगं, कॉमाच तर आहे. काय म्हणायचंय ते कळतं लोकांना."

दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

नाही कळत. कॉमा काढले की अर्थ होतो, जे मार्चनंतर आले फक्त त्यांना बोनस नाही. कॉमा ठेवले की सगळेच मार्चनंतर आलेले ठरतात आणि कुणालाच बोनस नाही. दोन ठिपक्यांवर कुणाच्या तरी घरचा हिशोब बदलतो, आणि आपण 'कॉमाच तर आहे' म्हणतो!

याचं मूळ शाळेत आहे. 'जिथे श्वास घ्याल तिथे कॉमा द्या' असं आपल्याला शिकवलं. आपला शब्दसुद्धा स्वल्पविराम, म्हणजे थोडं थांबणं. मान्य, खूप पूर्वी मोठ्याने वाचायचं असायचं तेव्हा ही चिन्हं थांबण्यासाठीच होती. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या ॲरिस्टोफेनिसने वेगवेगळ्या उंचीवर ठिपके देऊन किती थांबायचं ते दाखवलं होतं. पण ज्या ग्रीक शब्दावरून कॉमा आला, त्या 'कोम्मा'चा अर्थ कापलेला तुकडा. आजच्या इंग्रजीत कॉमाचं काम हेच आहे, कुठला तुकडा कशाला जोडलेला आणि कशापासून तोडलेला हे सांगणं. श्वास तुम्ही हवा तिथे घ्या.

मला हे कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलं नाही. बाबा गेले तेव्हा त्यांच्या जुन्या ऑफिसच्या वार्तापत्रासाठी मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक ओळ: 'हिज डॉटर, हू केअर्ड फॉर हिम टिल द एंड, रेड टू हिम एव्हरी इव्हनिंग.' मी रोज संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचे, तेच डोळ्यांसमोर होतं. अंक छापून आला. ताईने वाचला, घडी घातली आणि इतकंच विचारलं, "बाबांना एकच मुलगी होती का गं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. 'डॉटर'च्या पुढचा तो कॉमा सांगत होता की मुलगी एकच, आणि तिच्याबद्दल ही जास्तीची माहिती.

आता कुणी म्हणेल, मग कॉमा काढायचे. काढून बघा! 'हिज डॉटर हू केअर्ड फॉर हिम'. म्हणजे जिने काळजी घेतली ती मुलगी. मग दुसरीने घेतली नाही? हे तर त्याहून वाईट. ती रात्र मी दोन्ही वाक्यं कागदावर पुन्हा पुन्हा लिहीत घालवली.

म्हणून 'लेट्स ईट, ग्रँडमा'मधला कॉमा काढून 'आजीला खाऊया' करणारे विनोद फॉरवर्ड होतात तेव्हा चीड येते. आजीला कुणी खात नाही, त्यामुळे तिथे कॉमा नसला तरी कुणाची फसगत होत नाही. फसगत होते ती दोन्ही अर्थ खरे असू शकतात तिथे. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात कुठल्या कामांना जादा पैसे नाहीत त्याची यादी होती. शेवटी लिहिलं होतं 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. शिपमेंटनंतर कॉमा नव्हता. तो असता तर डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे माल पोचवणं, हे यादीतलं वेगळं काम ठरलं असतं. दुधाच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर म्हणाले, या यादीत फक्त पॅकिंग येतं, आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो. 2017 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी डेअरीने 50 लाख डॉलर्सवर तडजोड केली. त्या ड्रायव्हरांना जाऊन सांगा, कॉमाच तर आहे म्हणून.

ठीक आहे, यादीतल्या शेवटच्या 'अँड'च्या आधी कॉमा द्यावा की नाही यावर इंग्रजीवाल्यांचंच एकमत नाही. चॅटवर मीही कॉमा खाते. पण जे कागदावर राहणार आहे, ज्यावरून कुणाला काही मिळणार किंवा नाकारलं जाणार आहे, तिथे 'चालतंय' म्हणू नका हो.

सहकाऱ्यावर आवाज चढवला, ते चुकलंच. त्याच्यावर राग नव्हता माझा. दुपारी त्याने आपणहून कॉमा काढून नोटीस परत पाठवली.

घरी आल्यावर तो जुना अंक काढला. ताई तेव्हा तिच्या घरी परत जाताना तिची प्रत माझ्याकडेच ठेवून गेली होती. त्या ओळीत तिने निळ्या पेनने एकच अक्षर घातलंय, 'डॉटर'च्या पुढे एस. कॉमा तसाच ठेवलाय. हिज डॉटर्स, हू केअर्ड फॉर हिम टिल द एंड, रेड टू हिम एव्हरी इव्हनिंग. आणि मला आठवलं, शेवटच्या महिन्यात माझा घसा बसला होता तेव्हा मी बाबांच्या कानाशी फोन धरून बसायचे आणि पलीकडून ताई वाचायची.