व्हीआरएम किती वॅट झेपवतो एवढं छापायला काय जातं रे तुमचं?

बजेटमधला मदरबोर्ड शोधायला बसलं की डोकं फिरतं. स्लॉट कमी, पोर्ट कमी म्हणून नाही, स्वस्त बोर्डात ते कमी असणारच, मान्य आहे. राग येतो तो याचा की प्रोसेसरला करंट पुरवणारा जो व्हीआरएम असतो तो सलग किती वॅट झेपवू शकतो हे बहुतेक कंपन्या सरळ लिहीत नाहीत. लाइटचे किती रंग ते लिहितील, ऑडिओचे सोनेरी कॅपॅसिटर फोटोसकट दाखवतील, पण बोर्डाचं मूळ काम, म्हणजे पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट सव्वा व्होल्टाच्या आसपास उतरवून प्रोसेसरला देणं, ते किती जमतं याबद्दल सगळे चिडीचूप.

मावसभावासाठी रेंडरिंगचं मशीन जुळवतोय. इंटेलचा कोअर आय७-१२७०० प्रोसेसर घ्यायचं ठरलंय, नावात के नसलेला, ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेग वाढवणं वगैरे काही करायचं नाहीये, डब्यातून काढला तसा चालवायचा. त्याच्यावर ठळक लिहिलेलं असतं ६५ वॅट. माणसाला वाटतं चला, कुठलाही बोर्ड चालेल. आणि इंटेलच्याच स्पेसिफिकेशनमध्ये पुढे कमाल टर्बो पॉवर किती, तर १८० वॅट! जवळजवळ तिप्पट. एएमडीचं प्रकरण एवढं टोकाचं नाही, पण त्यांच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) १०५ वॅट टीडीपीवाला, म्हणजे ठळक आकडा १०५ असलेला प्रोसेसर, १४२ पर्यंत ओढतो, ६५ वाला ८८ पर्यंत, आणि नंतरच्या एएम५ सॉकेटवर १७० वाला २३० पर्यंत. म्हणजे ठळक आकडा धरून बोर्ड घेतला की तिथेच फसलात.

आता १८० वॅट म्हणजे किती ते बघा. १.२ व्होल्टला १८० वॅट म्हणजे १५० अँपिअर. हा करंट व्हीआरएमच्या फेजमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या सारख्या सर्किटांमध्ये, वाटला जातो. चार फेज असतील तर एकेकीच्या वाट्याला साडेसदतीस अँपिअर, आठ असतील तर एकोणीसच्या आत. आणि प्रत्येक फेजमध्ये करंट चालू-बंद करणारी जी चिप असते, मॉसफेट, तिच्या रेझिस्टन्समुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की त्या फेजमधली ही उष्णता चौपट. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी २० वॅट उष्णता त्या एवढ्याशा पट्टीत तयार होते, आणि स्वस्त बोर्डात तिथे बऱ्याचदा उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंकच नसतो. उघडे मॉसफेट, बस.

पण बोर्डावर कुठले प्रोसेसर चालतात याची कंपनीची सपोर्ट लिस्ट उघडा. उघड्या मॉसफेटवाल्या एच६१० या सगळ्यात स्वस्त वर्गातल्या बोर्डाच्या यादीतसुद्धा आय७ च्या वरचा आय९ असतो! सपोर्टेड. सपोर्टेड म्हणजे काय तर कॉम्प्युटर चालू होतो, विंडोज दिसतं, संपली कंपनीची जबाबदारी.

ऑफिसातल्या एका मित्राने असाच यादी बघून बोर्ड घेतला. रेंडर लावला की पहिली काही मिनिटं मस्त आणि मग सगळ्या कोअरचा क्लॉक, म्हणजे वेग, धाडकन खाली, परत थोडा वर, परत खाली. प्रोसेसरचं तापमान साठीच्या घरात, म्हणजे प्रोसेसर बिचारा थंडच होता, तापला होता व्हीआरएम, आणि बोर्डच प्रोसेसरला दाबून धरत होता. बरं त्या बोर्डाला व्हीआरएमचा सेन्सरच नाही, त्यामुळे तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो प्रोग्रॅममध्ये कितीही शोधा काही दिसत नाही. त्याने बिचाऱ्याने प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलली, मग लिक्विड कूलर घातला आणि प्रकार आणखी वाढला, कारण आधीच्या पंख्याची जी थोडीफार हवा सॉकेटच्या बाजूला लागत होती तीही बंद झाली. घाम गाळून कमावलेले पैसे होते ते, एका माणसाने एक आकडा लपवला म्हणून वाया गेले.

आणि मग फेजचे आकडे. ८+१+१ असं दणक्यात लिहायचं. त्यातले शेवटचे एक-दोन कोअरला वीज देतच नाहीत, ते ग्राफिक्स किंवा इतर भागांसाठी असतात, आणि पहिल्या आठात पण कधी व्हीआरएम चालवणाऱ्या कंट्रोलर चिपच्या चारच फेज असतात आणि प्रत्येकीवर घटक जोडीने लावलेले असतात. तसं लावणं वाईट नाही, करंट वाटला जातोच, पण मग तसं सांगा ना! वर मिलिटरी ग्रेड. कुठलं मिलिटरी, कुठलं ग्रेड? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

कंपनी सांगत नाही म्हटल्यावर आपण काय करायचं, तर बोर्डाचा फोटो मोठा करून सॉकेटच्या डावीकडचे चोक, म्हणजे प्रत्येक फेजचे चौकोनी ठोकळे, मोजायचे, त्यांच्या शेजारच्या काळ्या चिपवरची अक्षरं डोळे फोडून वाचायची, त्यावरून त्या चिपची डेटाशीट, म्हणजे माहितीपत्रक, शोधायची. आणि डेटाशीटवरचा मोठा अँपिअरचा आकडा बहुतेक वेळा चिपचं आवरण २५ अंशांवर धरून दिलेला असतो. कॅबिनेटमध्ये रेंडर चालू असताना कुठला मॉसफेट २५ अंशांवर बसतो सांगा बघू. ज्याला यातलं काही कळत नाही त्याने काय करायचं?

यावर काही शहाणे म्हणतात स्वस्त घेता कशाला, पैसे टाका. अरे पण मी कुठे म्हणतोय की स्वस्त बोर्डाला भारी व्हीआरएम लावा? लहान लावा, काही हरकत नाही, आय३ साठी तो बोर्ड एकदम चांगला आहे. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पॉवर लिमिट ६५ वॅटला बांधलं तर आय७ पण निमूट चालेल, मग रेंडर हळू होईल एवढंच. फक्त लिहा की हा बोर्ड सलग अमुक वॅट देतो. तुमच्या लॅबमध्ये हे मोजलेलं असणारच, मोजल्याशिवाय बोर्ड बाजारात येत नाही. सपोर्ट लिस्टमध्ये एक रकाना वाढवायचा फक्त.

सगळ्यात संताप येतो तो रिव्हिजनचा. कोणीतरी देवमाणूस बोर्ड विकत घेऊन, तासभर लोड टाकून, थर्मल कॅमेऱ्याने तापमान दाखवतो, आपण खूश होतो, बोर्ड ठरवतो, आणि तोवर कंपनीने त्याच मॉडेलच्या नावाखाली मॉसफेट बदलून नवीन रिव्हिजन काढलेली असते. नाव तेच, खोका तोच, बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रेव्ह १.१ वगैरे. विकणाऱ्याला विचारलं तर त्याला माहीत नाही, खोक्यावरच्या स्टिकरवर असलं तर नशीब, नाहीतर सील फोडून बघा म्हणतो, आणि सील फोडलं की परत घेत नाही.