दोन टिंबांचा आकडा

चेकवर अक्षरी रक्कम लिहिताना भल्याभल्यांचं पेन एकोणसाठ की एकोणसत्तर इथे अडतं. मराठीत शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतंत्र बाण्याचा. एकोणनव्वदपर्यंत इमानाने 'एकोण' लावत आलेली भाषा नव्याण्णवला सरळ टांग मारते. म्हणून आकडा टाकला की अक्षरी रक्कम मिळावी यासाठी मी जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शंभर शब्दांचा तक्ता भरला, त्यावर हजार-लाख-कोटींचा हिशोब चढवला आणि ठरवलं, हे पॅकेज करून एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या सार्वजनिक कोठारात, टाकायचं. कुणीही एक ओळ लिहावी नि माझा कोड आयता वापरावा.

बारशालाच दोन दिवस गेले. नावात देवनागरी चालत नाही, स्पेस चालत नाही, कॅपिटल अक्षर चालत नाही. आणि जे चालतं ते कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं असतं. अखेर रात्री साडेअकराला ओटीपी टाकून १.०.० हे पहिलं व्हर्जन पब्लिश केलं. बायकोला उठवून सांगितलं. "बरं," म्हणाली आणि कूस बदलली.

सकाळी ते दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून पाहिलं, तर आत रीडमी ही माहितीची फाइल होती, लायसन्स होतं. कोड तेवढा नव्हता. तयार कोडचं फोल्डर मीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे 'हे सोबत घेऊ नका' अशा यादीत, घातलं होतं, आणि वेगळी एनपीएमइग्नोर फाइल नसली की तीच यादी प्रमाण धरली जाते. म्हणजे डबा पाठवला, वर पत्ताही सुवाच्य, लाडू मात्र घरीच. (डब्यात काय जाणार ते आधी दाखवणारी एक कमांड असते. ती मला नंतर कळली. अशा कमांडी नंतरच कळतात.) घाईने लाडू भरून पुन्हा पाठवायला गेलो, तर ४०३, म्हणजे मनाई. एकदा वापरलेला व्हर्जन नंबर पुन्हा मिळत नाही, पॅकेज काढून टाकलं तरी नाही. १.०.१ केलं.

आठवड्यात डाउनलोड ऐंशीच्या घरात! २०१६ च्या मार्चमध्ये अकरा ओळींचं लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि त्यावर विसंबलेल्या प्रोग्रॅमांची जगभरची बिल्डं, म्हणजे जुळणी, कोसळली, हे आठवून छातीत धडधडलं. आता आपल्यालाही जपून राहायला हवं. मग कळलं की या आकड्यात एनपीएमची नक्कल ठेवणारे मिररवाले आणि आपोआप चालणारे बॉटही मोजले जातात. उरलेल्यांत बरेचसे माझेच लॅपटॉप.

खरा वापरकर्ता एकच लाभला: आई. तीस वर्षं बँकेत काउंटरवर काढलेली. तिने एक लाख टाकले. उत्तर आलं, 'एक लाख शून्य हजार शून्य रुपये फक्त.'

"असा चेक मी परत पाठवला असता."

१.०.२. मग तिला 'एकोणऐशी' सापडलं, अनुस्वारासाठी १.०.३. मग एक कोटीचा चेक. ती चष्मा लावून रोज संध्याकाळी बसायची. १.०.९ नंतर मी १.०.१० काढलं, तेव्हा मात्र ती अडली.

"नवानंतर एक पूर्णांक एक यायला हवं. आणि दोन टिंबांचा हा कुठला दशांश?"

"दशांश नाही गं, व्हर्जन आहे."

"मग अक्षरी कसं लिहायचं?"

तिनेच १.०.१० टाइप करून एंटर दाबलं. माझ्या कोडने दुसऱ्या टिंबापाशी वाचन थांबवलं आणि लिहिलं, 'एक रुपये फक्त.'

आईने चष्म्यावरून पाहिलं. "रुपया."

१.०.११.