चुना-सोड्याने तीळ जातो, पण कातडीसकट

दर काही महिन्यांनी एक मेसेज नव्याने फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: तीळ, मस, चामखीळ काढायला डॉक्टर नको, खायचा चुना आणि धुण्याचा सोडा सारखा कालवून लावा, आठवड्यात डागही राहत नाही, चाकू लागला तर कॅन्सर होतो, फारच वाटलं तर लेझर करा, आणि काढलेला तुकडा लॅबला पाठवणं म्हणजे पैसे उकळणं.

‘चुना-सोडा घरगुती, म्हणून निर्धोक.’ ओल्या चुन्यात धुण्याचा सोडा मिसळला की कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा तयार होतो. कारखान्यांतून कॉस्टिक सोडा करण्याची जुनी पद्धत हीच होती. आम्लाने भाजलं तर वर घट्ट थर धरतो आणि पुढचं नुकसान काहीसं अडतं. अल्कलीचं, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या क्षाराचं, तसं नाही. ती त्वचेतल्या चरबीचा साबण करते, प्रथिनं विरघळवते आणि खाली झिरपत राहते. म्हणून जखम तिळापेक्षा मोठी होते, आणि सावळ्या त्वचेवर त्याभोवती काळं कडं महिनोन्‌महिने राहतं. उंचवट्याच्या तिळाच्या पेशी त्वचेत खोलवर असतात. वरचं जळतं, तळ शिल्लक राहतो आणि काही महिन्यांत व्रणातून पुन्हा काळा रंग वर येतो. असा वेडावाकडा परतलेला तीळ सूक्ष्मदर्शकाखालीही मेलॅनोमासारखा, म्हणजे त्वचेच्या काळ्या रंगाच्या पेशींच्या कॅन्सरसारखा, दिसू शकतो. आधी काय होतं हे सांगणारा तुकडाच नसल्याने लॅबमध्ये तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचीही पंचाईत होते.

बिब्बा आणि काजूच्या टरफलाचं तेल यांनीही असंच भाजतं, शिवाय अॅलर्जीचा चट्टा उठतो. रुईचा चीक पापणीजवळ तर मुळीच नको. तो डोळ्यात गेला की सुरुवातीला फारसं दुखतही नाही, नुसतं धूसर दिसू लागतं. तोवर बुबुळाला इजा झालेली असते.

दोरा बांधण्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. बारीक देठाची, लोंबणारी चामखीळ दोऱ्याने सुकून गळते, हे खरं. पण तीच चामखीळ कात्रीने काढायला मिनिटही लागत नाही, आणि दोऱ्याखाली पू धरण्याची भीती राहत नाही. रुंद बुडाच्या तिळाला दोरा बांधण्यात काहीच अर्थ नाही.

‘चाकू लागला की कॅन्सर होतो.’ हा समज कुठून आला ते कळण्यासारखं आहे. काळी गाठ कुणीतरी काढतं, ती तपासली जात नाही, वर्षा-दोन वर्षांत काखेत किंवा जांघेत गाठ येते आणि दोष चाकूवर जातो. मेलॅनोमा आधीपासून होता, फक्त कुणी पाहिला नव्हता. चांगला तीळ कापल्याने त्याचा कॅन्सर होत नाही. उलट संशय असेल तर पहिली पायरीच ही: तीळ सुमारे 2 मिमी निरोगी कडेसह, खाली चरबीपर्यंत, अख्खा काढायचा. मग लॅब त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजते. जाडी 1 मिमीपर्यंत असेल तर पुढच्या शस्त्रक्रियेत भोवतीची 1 सेंमी कड काढतात, 2 मिमीहून जास्त असेल तर 2 सेंमी. पुढचे उपचार बरेचसे या आकड्यावर बेततात. चुन्याने किंवा लेझरने जाळलेल्या तिळाची जाडी मोजता येत नाही. या मेसेजचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे, डागाचं नाही.

आपल्याकडे मेलॅनोमा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली सापडतो, जिथे लोक ‘काहीतरी लागलं असेल’ म्हणून सोडून देतात. चाळिशीनंतर नव्याने आलेला काळा डाग, एकाच नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ, कडा वेड्यावाकड्या होणं, एकाच तिळात दोन-तीन रंग, आपोआप रक्त येणं: यातलं काहीही असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ.

‘डागही राहत नाही.’ हे कुणीच कबूल करू नये, सर्जननेही नाही. कापून काढताना छेद डोळ्याच्या आकाराचा घेतात, लांबी रुंदीच्या तिप्पट, त्वचेच्या सुरकुत्यांच्या दिशेने. लांबी कमी ठेवली तर टोकांना त्वचा फुगून उभी राहते. भुलीला 1 ते 2 मिली लिग्नोकेन पुरतं. त्यात रक्तवाहिन्या आवळणारं अॅड्रेनलिन असेल तर त्वचा पांढरी पडेपर्यंत सात-दहा मिनिटं थांबायचं. इथे घाई केली की रक्त येत राहतं. चेहऱ्याचे टाके 5 ते 7 दिवसांत काढतात. तिथे जास्त ठेवले तर टाक्यांचे ठिपके उमटतात. पाठीचे टाके 10 ते 14 दिवस ठेवतात. लवकर काढले तर जखम उसवते. चेहऱ्यावरचा उंच, निरुपद्रवी तीळ ब्लेडने त्वचेलगत तासूनही निघतो, टाके लागत नाहीत. पण केस आणि रंग परत येऊ शकतात. छातीच्या मधोमध, खांद्यावर आणि कानाच्या पाळीवर कीलॉइड, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणारा फुगीर व्रण, होण्याचा धोका जास्त. तिथला निरुपद्रवी तीळ केवळ दिसण्यासाठी काढू नये, असंच आमचं मत.

‘लेझर जास्त सुरक्षित.’ चामखिळीला ठीक. रंगीत तिळाला, निदान पक्कं नसताना, नाही.

‘लॅब म्हणजे लूट.’ नेहमीची लोंबती चामखीळ बरेचदा पाठवत नाहीत, आणि ते चालतं. रंगीत तीळ मात्र तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात), बाटलीवर शरीराची जागा लिहून गेलाच पाहिजे. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा: निदान, आणि कडा मोकळ्या आहेत की नाहीत, म्हणजे तीळ पूर्ण निघाला की नाही.

चुना आधीच लावला असेल तर कोरडा चुना आधी झटकून टाका, मग किमान अर्धा तास वाहत्या पाण्याखाली धरा. ‘उतारा’ म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका. डोळ्याच्या आसपास असेल तर डोळा धुवा आणि सरळ नेत्ररुग्णालय गाठा.