लवाद कलम कंपनीच्याच बाजूचे असते का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उपाहारगृहाच्या फ्रँचायझी करारातील (म्हणजे कंपनीचे नाव आणि पद्धत वापरून व्यवसाय चालवण्याच्या करारातील) लवादाची, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या तटस्थ व्यक्तीकडून सोडवण्याची, मी माझ्या लेखात केलेली भलामण कंपनीच्या सोयीची आहे, आणि आयुष्याची पुंजी ओतणाऱ्या फ्रँचायझीधारकाने न्यायालयातच दाद मागावी, असे आपण लिहिले आहे. यातील पहिला आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. लवाद गोपनीय असतो एवढेच मी लिहिले. ती गोपनीयता कोणाच्या पथ्यावर पडते, हे लिहायचे राहून गेले. फ्रँचायझीधारकांकडून जाहिरातींसाठी गोळा होणाऱ्या निधीच्या हिशेबावरून दहा फ्रँचायझीधारक दहा लवादांत भांडत असले, तर एकाचा निवाडा दुसऱ्याच्या कानावर जात नाही. कंपनीला मात्र दहाही निवाडे ठाऊक असतात.

परंतु न्यायालयात गेले की पारडे आपोआप समतोल होते, हे मला पटत नाही. बर्गर किंगने मिशिगनमधील एका फ्रँचायझीधारकाविरुद्ध आपल्या मुख्यालयाच्या फ्लोरिडा राज्यात दावा लावला, तेव्हा त्याने तेथे येऊन बचाव करण्यात काही गैर नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ठरवले. तो वाद न्यायालयातच चालला होता, तरीही परगावी लढण्याचा भार लहान पक्षावरच पडला. आपल्या शंकेला बळ देणारा निकाल 1996 चा आहे. लवाद कलमाची सूचना कराराच्या पहिल्याच पानावर, अधोरेखित मोठ्या अक्षरांत असावी, असा माँटाना राज्याचा कायदा होता. सबवे या सँडविच विकणाऱ्या साखळीच्या फ्रँचायझी करारात ते कलम नवव्या पानावर, साध्या टायपात होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच कलम वैध मानले आणि राज्याची अट बाजूला सारली. नववे पान वाचण्याची जबाबदारी अखेर सही करणाऱ्यावरच आली, आणि याचे मलाही वाईट वाटते.

माझा खरा आग्रह अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, संरक्षणाबद्दल आहे. बहुतेक करारांत बोधचिन्हाचा गैरवापर थांबवण्यासाठी कंपनीला थेट न्यायालयातून मनाई हुकूम आणण्याची मुभा राखलेली असते. फ्रँचायझीधारकाला मात्र प्रत्येक तक्रार लवादापुढेच न्यावी लागते. समजा, त्रुटी दूर करण्याच्या नोटिशीची मुदत 30 दिवसांची आहे (ती उलटली की कंपनी करार संपवू शकते) आणि त्रुटी झाली की नाही यावरच वाद आहे. लवाद अजून नेमलेला नसतो, आणि एकतिसाव्या दिवशी ऑर्डर घेणाऱ्या प्रणालीचा पासवर्ड चालत नाही, कच्च्या मालाची गाडी येत नाही. भाडे आणि पगार मात्र चालूच राहतात. वर्षभराने निवाडा बाजूने लागला तरी ते वरातीमागून घोडे. म्हणून करार संपुष्टात आणण्याला निकालापर्यंत स्थगिती मागण्याचा हक्क दोन्ही पक्षांना सारखाच असावा, हे वाक्य सहीपूर्वी करारात घालून घ्यावे. लवाद चालवणाऱ्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेच्या नियमांत तातडीच्या लवादाची, म्हणजे मुख्य लवाद नेमला जाण्याआधीच तातडीचा आदेश मागण्याची, सोय 2012 पासून आहे. करारात ते नियम स्वीकारताना ही सोय वगळलेली नाही ना, तेही तपासावे.

लवादाचे ठिकाण आणि लवाद नेमण्याचा अधिकार या दोन गोष्टी एकट्या कंपनीच्या हाती असतील, तर आपला आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. लवादापूर्वी मध्यस्थीची, म्हणजे तडजोडीच्या बोलणीची, पायरी बंधनकारक असावी, पण तिला दिवसांची मर्यादा हवी, नाहीतर नोटिशीची मुदत तिच्यातच सरते.

मूळ लेखातील ‘लवाद दोघांनाही सारखाच लाभदायक’ हे वाक्य मी आज काढले असून, त्याजागी अंतरिम स्थगितीचा परिच्छेद घातला आहे.