चेहऱ्यावर गोल चट्टा उठला म्हणून मेडिकलमधली ट्यूब लावू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: चेहऱ्यावरचा गोल चट्टा म्हणजे गजकर्ण, मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा, खाज थांबली की बरं झालं, आणि डाग पांढरट असेल तर पोटात जंत आहेत. लोक विश्वासाने पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

गजकर्ण म्हणजे त्वचेला झालेला बुरशीचा संसर्ग. पण गोल दिसलं की गजकर्ण, असं नसतं. इसबही गोल दिसतं. उलट खऱ्या गजकर्णाची पोटावर किंवा मांडीवर ठळक दिसणारी खवलेदार कड चेहऱ्यावर अनेकदा पुसट किंवा अर्धवट असते. नुसता लालसर चट्टा दिसतो, उन्हात गेलं की चुरचुरतो आणि उन्हाची अ‍ॅलर्जी समजून सोडून दिला जातो. चट्टा एकाच गालावर असेल, कड हळूहळू बाहेर सरकत असेल, जांघेत किंवा घरात आणखी कुणाला तसेच चट्टे असतील, तर बुरशीचा संशय घ्यावा. खात्री करायला त्वचेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साधी तपासणी आहे.

सर्वांत घातक आहे तो ट्यूबचा सल्ला. खाजेच्या म्हणून मिळणाऱ्या कित्येक ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे तीव्र स्टिरॉइड असतं. ते सूज आणि खाज दाबतं, बुरशीला मारत नाही. म्हणजे खाज थांबते आणि बुरशी आत निवांत पसरते. चट्ट्याचं रूपही इतकं बदलतं की डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. चेहऱ्याची कातडी मुळातच पातळ. तिथे ही ट्यूब लावत राहिलं तर कातडी आणखी पातळ होते, मुरुमं येतात, लाल शिरा दिसू लागतात. अनेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची असलेली सूट केंद्र सरकारने २०१८ मध्येच काढून घेतली. तरी ती सहज हातात पडतात, याचा मला राग येतो. त्यात भर म्हणजे टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी आता भारतात पसरली आहे. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पूर्ण करणं म्हणूनच गरजेचं.

मुलांच्या गालावरच्या फिकट डागांचा जंतांशी संबंध नाही. बहुतेकदा तो सौम्य इसबाचा प्रकार असतो आणि काही महिन्यांत आपोआप जातो. पण फिकट किंवा तांबूस डाग कुष्ठरोगाचाही असू शकतो, आणि कुष्ठरोगाची खूण असलेला बधिरपणा चेहऱ्यावर चटकन जाणवत नाही. असा डाग टिकून राहिला, तर सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा; कुष्ठरोगाची औषधं तिथे मोफत मिळतात.